रांग जाते कुठे?

बदलापूर स्टेशनला संध्याकाळी साडेसात-आठच्या गाडीनं उतरलात, की पुलावरून खाली येताच शेअर रिक्षांची रांग दिसते. आमच्या चामटोलीकडे जाणाऱ्या माणसाला तर ती चुकतच नाही. तिथं ना फलक असतो, ना पोलीस. तरी रांग लागते आणि टिकते. कुणी मधे घुसलंच, तर मागून आवाज येतो, "ओ दादा, रांग आहे!" तो बिचारा ओशाळून मागं जातो.

पण याच रांगेच्या कडेनं कधी कधी एखादा माणूस सरळ पुढं जातो, रिक्षावाल्याला म्हणतो, "स्पेशल चल," आणि सगळ्या सीटांचे पैसे एकटा देऊन निघून जातो. आता गंमत बघा. पाच रिक्षा रिकाम्या उभ्या असतील, तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण वीस मिनिटं रिक्षाच आलेली नाही, पाऊस लागलाय, आणि आलेली पहिली रिक्षा त्यानं स्पेशल करून नेली, तर अख्खी रांग कुरकुरते. माणूस तोच, पैसे तेवढेच. मग फरक कशाचा? पहिल्या वेळी त्यानं शिल्लक पडलेली वस्तू घेतली होती. दुसऱ्या वेळी त्यानं आपली पाळी विकत घेतली, आणि पैसे मात्र आपल्याला दिले नाहीत, रिक्षावाल्याला दिले.

मंडळी, आज मला बोलायचं आहे ते मोठमोठ्या मनोरंजन पार्कांमधल्या रांगांबद्दल. जास्त पैसे भरा आणि रांग टाळा, अशी सोय तिथं मिळते. सुट्टी लागली की घराघरांत पार्कचा बेत शिजतो आणि तिकीट काढताना हा प्रश्न पुढं येतोच, की साधं घ्यायचं की रांग टाळणारं? त्याचं उत्तर देताना ही रिक्षाची रांग आपल्याला उपयोगी पडणार आहे.

माझ्यापुरता हा विषय सुरू झाला तो भाच्यामुळे. त्याला घेऊन एका पार्कात गेलो होतो. सुट्टीचा दिवस, तुडुंब गर्दी. एका पाळण्यापुढं आम्ही तासभर उभे. दोरीच्या पलीकडे दुसरी एक मोकळी वाट होती. तिच्यातून मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधलेली मंडळी येत आणि थेट पाळण्यात बसत. पार्कनं यात कुणाला फसवलं नव्हतं. दारातच दोन्ही तिकिटांचे दर लिहिलेले होते. आम्ही पाचजण होतो, हिशेब केला आणि साधं तिकीट घेतलं. पण भाच्यानं विचारलं, "मामा, ती मुलं आपल्यामागून आली ना? मग ती आधी कशी बसली?" मी म्हटलं, "त्यांनी जास्त पैसे दिलेत." त्यावर तो म्हणाला, "मग आपल्याला उशीर त्यांच्यामुळे होतोय का?" याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

आधी हे पाहू, की पार्कात रांग लागतेच का? आपल्या जत्रेतला आकाशपाळणा आठवा. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीला जत्रा भरते. जत्रेत पाळण्याचे पैसे फेरीगणिक द्यावे लागतात. खिशात चाळीस रुपये असतील तर पोरगं विचार करतं, की पाळण्यात बसायचं की बर्फाचा गोळा खायचा? पैसे संपले की रांगेतून आपोआप बाहेर. पार्काचं तसं नाही. तिथं दारात एकदाच मोठी रक्कम भरायची आणि आत सगळे खेळ दिवसभर खेळायचे. आत गेल्यावर कुठल्याच खेळाला पैसे पडत नाहीत, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक खेळ हवा असतो. मग निवड कशानं होणार? वेळेनं. पार्कात पैशाची जागा वेळ घेते आणि रांग ही त्या खेळाची किंमत बनते.

डिस्नेचं कॅलिफोर्नियातलं पहिलं पार्क १९५५ साली सुरू झालं, तेव्हा तिथंही जत्रेसारखीच पद्धत होती. खेळांची वेगवेगळी तिकिटं असत, लवकरच त्यांची पुस्तकं निघाली. साध्या खेळाला स्वस्त तिकीट, थरारक खेळाला महाग. ही पद्धत १९८२ साली बंद झाली आणि एका तिकिटात सगळं मिळू लागलं. रांगा वाढल्या. त्यावर १९९९ साली डिस्नेनं 'फास्टपास' नावाची युक्ती काढली. खेळापाशी यंत्र असे. त्यातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर परत येण्याची वेळ छापलेली असे. तोपर्यंत हिंडा, खा, दुसरं काही बघा. यासाठी एक पैसाही जास्त पडत नव्हता. चिठ्ठी श्रीमंतालाही मिळे आणि बेतानं खर्च करणाऱ्यालाही.

२०२० साली कोरोनाच्या साथीत पार्क बंद पडली. ती पुन्हा उघडली, पण फुकट चिठ्ठी काही परतली नाही. २०२१ साली डिस्नेनं अमेरिकेतल्या पार्कांत तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आणली. फ्लोरिडात तिचा सुरुवातीचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर होता. सगळ्यात लोकप्रिय खेळांचे पैसे त्याहून वेगळे. पुढं हा दर गर्दीनुसार चढू-उतरू लागला. गर्दी जास्त, तर सुटकेचा भाव जास्त. युनिव्हर्सलच्या पार्कांतही पैसे भरून घ्यायचा 'एक्स्प्रेस' पास आहे.

आपल्याकडेही ही हवा आली. मुंबईच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ सालचं. होडीत बसून तिथं जाणं हाच एका पिढीचा पहिला थरार होता. ते २०२२ साली बंद झालं. त्याआधी २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं होतं. आपल्या बदलापूरकरांना कर्जतला गाडी बदलून खोपोली गाठता येते, त्यामुळे इकडच्या शाळांना आणि सोसायट्यांना ते जवळचं वाटतं. तिथं साध्या तिकिटाच्या जोडीला 'एक्स्प्रेस' तिकीट आलं. दक्षिणेतल्या वंडरला पार्कांत त्याचं नाव 'फास्टट्रॅक'. नावं वेगळी, वस्तू एकच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. एक सोपा हिशेब करू. समजा, एका पाळण्यात २० जण बसतात आणि दर अडीच मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला २४ फेऱ्या, ४८० माणसं. समजा, रांगेत बरोबर ४८० माणसं उभी आहेत. पहिल्याला थांबावं लागत नाही, शेवटच्याला तास लागतो. सरासरी प्रत्येकाला अर्धा तास. इथवर सगळं समान.

आता यांतल्या १२० जणांनी जास्त पैसे भरले आणि त्यांना आधी बसवलं. पाळणा तोच, वेगही तोच. या १२० जणांना पंधरा मिनिटांत फेरी मिळते, म्हणजे सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. पूर्वी अर्धा तास थांबले असते. प्रत्येकाची साडेबावीस मिनिटं वाचली. १२० जणांची मिळून २,७०० मिनिटं वाचली. छान झालं!

पण उरलेले ३६० जण? त्यांची पहिली फेरी आता पंधरा मिनिटांनी सुरू होते आणि शेवटची तासाच्या अखेरीला. सरासरी साडेसदतीस मिनिटं. म्हणजे प्रत्येकाला साडेसात मिनिटं जास्त थांबावं लागलं. ३६० गुणिले साडेसात किती? २,७०० मिनिटं. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही.

म्हणजे पैसे भरून वाट पाहणं संपत नाही. ते एकाच्या डोक्यावरून उचलून तिघांच्या डोक्यावर थोडं थोडं वाटलं जातं. वाचणाऱ्याला साडेबावीस मिनिटं डोळ्यांत भरतात. भरणाऱ्याला साडेसात मिनिटं गर्दीत कळतही नाहीत, म्हणून तक्रारही होत नाही. हा झाला सर्वांत सौम्य हिशेब. पट्टीवाल्यांना तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळता येत असेल, तर दोरीच्या अलीकडच्यांचा वेळ आणखी वाढतो. त्यांच्यासाठी राखलेल्या जागा रिकाम्या सुटत असतील, तर मग कुणाचाच फायदा नाही. तेव्हा भाच्याला उत्तर द्यायचं तर "होय बाळा, थोडा उशीर त्यांच्यामुळे होतोय," असंच द्यायला हवं होतं.

आपल्या बदलापूरकरांना हे गणित कागदावर मांडून दाखवायची गरजही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेनं लोकलच्या दहा साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या सोडल्या. त्यात संध्याकाळी मुंबईहून बदलापूरला येणारी एक गर्दीची गाडीही होती. थंडगार डब्यावर कुणाचा राग नव्हता. पण रूळ तेच, वेळ तीच. त्या वेळेला महाग गाडी आली, म्हणजे साधी गाडी गेली. ज्यांच्याकडे साधा पास होता, ती माणसं मागच्या गाडीत चेंगरली. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर, खरं तर फलाटावर उतरले आणि आठवड्याभरात रेल्वेनं त्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या केल्या. तीच वातानुकूलित गाडी जादा फेरी म्हणून आली असती, तर लोकांनी तिचं स्वागतच केलं असतं. रिकामी रिक्षा स्पेशल करणं आणि एकुलती एक रिक्षा स्पेशल करणं, यांतला फरक इथंही तोच आहे.

आता दुसरी बाजूही ऐकू. पार्कवाले म्हणतील, "हा काही दवाखाना नाही की रेशनचं दुकान नाही. मौजेची जागा आहे. नाटकाला पुढच्या खुर्चीचं तिकीट महाग नसतं का?" म्हणणं अगदीच चूक नाही. असं पार्क उभारायला शेकडो कोटी रुपये लागतात, पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत ते ओस पडतं आणि पगार तर बारा महिने द्यावे लागतात. जादा तिकिटाच्या पैशानं साधं तिकीट थोडं स्वस्त ठेवता येतं, असाही युक्तिवाद असतो. आणि खरंच कुणाला घाई असू शकते. परगावाहून एकाच दिवसासाठी आलेलं कुटुंब असतं, सोबत थकलेली आजी असते.

पण नाटकाच्या उदाहरणात एक मेख आहे. पुढच्या खुर्चीवाल्यामुळे मागच्याचं नाटक उशिरा सुरू होत नाही. पडदा सगळ्यांसाठी एकाच वेळी वर जातो. पाळण्याचा पडदा तसा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एरवी रांग ही पार्कवाल्याची डोकेदुखी असते. ती कमी व्हावी म्हणून तो दुसरी गाडी रुळावर आणेल, माणसं वाढवेल, तिकिटं मोजून विकेल. पण रांगेतून सुटका हीच विकायची वस्तू झाली, की रांग लांब असणं फायद्याचं ठरतं. दहा मिनिटांची रांग टाळायला पैसे कोण देईल? दोन तासांची असेल तर देतील. कुणी मुद्दाम रांग वाढवतं, असं माझं म्हणणं नाही. पण ती कमी करण्याची निकड कमी होते, हे तर उघड आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी पैशानं काय काय विकत घ्यावं, या विषयावर २०१२ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच प्रकरण रांग मोडण्यावर आहे. जास्त पैसे भरलेल्यांना काही पार्कं मागच्या किंवा वेगळ्या दारानं आत नेतात, म्हणजे रांगेतल्यांच्या डोळ्यांवर येत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधलं आहे. जी गोष्ट आडून करावी लागते, तिच्यात काहीतरी खुपणारं आहे, हे करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

हे खुपणं म्हणजे नुसता मत्सर नव्हे. डेव्हिड मैस्टर नावाच्या अभ्यासकानं १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यात त्यानं मांडलं, की माणसाला घड्याळातली मिनिटं तेवढी जाणवत नाहीत, जेवढी त्या मिनिटांची जात जाणवते. हात रिकामे असतील तर वेळ लांबतो. कारण न सांगता थांबवलं तर लांबतो. आणि अन्याय होतोय असं वाटलं, तर तोच वेळ आणखी लांब वाटतो. आषाढीला पंढरपुरात दर्शनाच्या बारीत माणसं तासन्‌तास उभी राहतात आणि हसतमुखानं बाहेर पडतात. रिक्षाच्या रांगेत मात्र एकजण मधे घुसला, तरी दहा मिनिटं डोकं तापलेलं असतं.

पंढरपूरचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक जुनी शहाणी व्यवस्था सांगतो. ज्याला विठोबाच्या पायावर डोकं टेकवायचं आहे, त्याची रांग वेगळी आणि लांब. ज्याला तेवढा वेळ नाही, त्यानं मुखदर्शनाच्या रांगेत उभं राहावं, लांबूनच रूप पाहावं आणि पुढं जावं. इथंही रांगा दोन आहेत. पण वाटणी पैशानं झालेली नाही, 'तुला नेमकं काय हवंय' यावर झाली आहे. लवकर जाणाऱ्यानं काहीतरी सोडलेलं असतं, त्यामुळे थांबणाऱ्याला त्याचा राग येत नाही. शिर्डी, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी शुल्क भरून लवकर दर्शनाची सोय आली, तेव्हा वाद झाले ते याच मुद्द्यावर.

मग रांग खरोखर कमी कशानं होते? या शास्त्राचा पाया टेलिफोनच्या तारांवर घातला गेला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ साली, किती फोन आले तर किती ओळी लागतील, याचा हिशेब मांडायला सुरुवात केली. त्यातून एक गोष्ट पुढं स्पष्ट झाली, ती प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. गर्दी आणि रांग सारख्या वेगानं वाढत नाहीत. यंत्र निम्म्या क्षमतेनं चालत असेल, तर रांग नावापुरती असते. ते क्षमतेच्या अगदी जवळ पोचलं, की थोडी माणसं वाढली तरी रांग कित्येक पटींनी वाढते. हेच उलटंही खरं आहे. भरगच्च दिवशी दहातला एक माणूस कमी झाला, तरी रांग एक दशांशापेक्षा पुष्कळ जास्त घटते.

म्हणून खरे उपाय वेगळे आहेत. दिवसाला तिकिटं मोजकी विकणं. मधल्या वारी तिकीट स्वस्त करून गर्दी आठवड्यावर पसरवणं. वेळेची चिठ्ठी सगळ्यांना देणं. एकेकट्या माणसांची वेगळी रांग ठेवून, कुटुंबं बसल्यावर उरलेली एखादी जागा भरून घेणं. परदेशी पार्कांत ही शेवटची पद्धत रुळलेली आहे आणि मला ती फार आवडते. कारण त्यात जाणारा माणूस कुणाची पाळी घेत नाही, रिकामी जाणारी जागा घेतो. पाच रिक्षा उभ्या असतानाची स्पेशल, ती हीच! आणि आजारी, अपंग, तान्हं मूल घेतलेली आई यांना पुढं सोडायला तर कुठलीच रांग नाही म्हणत नाही.

आता या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिली, जमलं तर शनिवार-रविवार आणि जोडसुट्टी टाळा. मंगळवार-बुधवारी गेलात, तर जादा तिकिटाची गरजच बहुधा पडणार नाही. आणि तुमचा वेळ वाचला तो कुणाच्या खिशातून नव्हे. दुसरी, दार उघडायच्या आधी पोचा आणि सगळ्यात मोठा पाळणा पहिल्या तासात उरका, खाणंपिणं दोनला ठेवा. तिसरी, जादा तिकीट घ्यायचंच असेल, तर घेण्याआधी विचारा, की कुठल्या खेळांना ते चालतं, प्रत्येक खेळाला किती वेळा चालतं, त्या दिवशी कुठले खेळ बंद आहेत? आणि मुलांची उंची आधी घरी मोजा. उंचीच्या अटीमुळे ज्या पाळण्यात मूल बसूच शकत नाही, त्याची रांग टाळायला पैसे कशाला? चौथी, सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी काही वेगळी सोय आहे का, हे फोन करून विचारा.

एवढं करूनही कुणी जादा तिकीट घेतलं, तर तो काही गुन्हा नाही. वर्षातून एकदा पोरांना घेऊन निघालेल्या बापाला मी काय नावं ठेवू? माझं म्हणणं फक्त एवढंच आहे, की ते घेताना आपण नेमकं काय घेतोय हे माहीत असावं. आपण वेळ विकत घेत नाही. वेळ पार्कवाल्याकडे नसतोच. तो दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या कुणाचा तरी असतो.

त्या दिवशी परतताना भाचा दमून गेला होता. स्टेशनबाहेर रिक्षाची रांग होती. आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो. पुढं एक गृहस्थ होते, त्यांनी झोपाळलेल्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, लहान मूल आहे." त्यांच्या पुढच्यानंही वाट दिली, त्याच्या पुढच्यानंही. भाचा रिक्षात बसल्यावर अर्धवट झोपेत म्हणाला, "मामा, आपण पैसे दिले का?"

"नाही रे," मी म्हटलं, "त्यांनी आपली पाळी दिली."